पाठमोरा

मेडशीच्या डाक बंगल्यात एक चित्र टांगलेलं होतं आणि गोजराबाईचा नवरा त्या चित्रात राहत होता. गाव यावर हसायचं. गावाला हसायला काही तरी लागतंच, आणि नवरा नसलेली बाई त्याला सगळ्यात सोयीची पडते.

चित्र पाण्यातल्या रंगांचं होतं. कोण्या इंजिनीअर साहेबाची मडम बदली झाली तेव्हा ते भिंतीवरच सोडून गेली. विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या शहराची अरुंद गल्ली. दोन्ही बाजूंना उंच लाकडी घरं, एकमेकांवर इतकी वाकलेली की इकडच्या माडीवरून हात लांब केला तर समोरच्या माडीवरून विरजण घेता यावं. गल्लीच्या टोकाला त्यांचं गिरजाघर. त्याचा मनोरा वर जाता जाता धुक्यात असा विरून गेलेला की काढणाऱ्याला शेंडा ठाऊकच नसावा. सकाळ म्हणावी की संध्याकाळ ते कळत नव्हतं, पण उजेड मधासारखा पडला होता. नीट पाहिलं तर भिंतींचे पोपडे निघालेले, वाटेत चिखल, माणसांच्या अंगावर चिंध्या. पण चित्रकारानं त्या दारिद्र्याला नवरदेवासारखं नटवलं होतं. या गल्लीत कधी कोणी उपाशी झोपलंच नसेल असं बघणाऱ्याला वाटावं. आमच्या मेडशीतही संध्याकाळी उजेड पडतो, पण आमचं चित्र काढायला कोणी बसलं नाही.

गल्लीत बोटाच्या पेराएवढी पाच-सात माणसं होती. त्यातला एक डाव्या भिंतीच्या कडेनं गिरजाघराकडे चाललेला. पाठमोरा. डावा खांदा किंचित खाली. तो जगदेव, असं गोजराबाईचं म्हणणं.

आता कोणी विचारील, पाठीवरून नवरा कसा ओळखला? तर तिला तेवढंच ठाऊक होतं. लग्न झालं ते जर्मनच्या लढाईच्या तिसऱ्या उन्हाळ्यात, आणि संसार झाला एकोणीस दिवसांचा. नव्या सुनेनं दिवसाउजेडी नवऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नाही, ही आपल्याकडची रीत. घरात सासू, थोरला दीर, जाऊ. डोईवरचा पदर नाकापर्यंत. रात्री घासलेट वाचवायचं म्हणून अंधार. जगदेवचं तोंड तिच्या हातांना कळलं होतं, डोळ्यांना नाही. डोळ्यांनी पाहिली ती पाठ. तो पुढं चालायचा, ही भाकरीचं टोपलं घेऊन दहा पावलं मागं. लामावर, म्हणजे लढाईवर निघाला त्या दिवशीही ही कवाडाआड उभी होती, आणि अकोल्याच्या सडकेनं जी लांब लांब गेली ती पाठच.

खरं तर जायचं होतं थोरल्या भावाला, बबनरावाला. सरकारचे लोक लढाईला माणसं न्यायला आले तेव्हा घरटी एक नाव लिहिलं गेलं, आणि या घरातून बबनरावाचं नाव लिहिलं गेलं. पण बबनरावाला दोन लेकरं होती, तिसरं पोटात होतं. सासू रडली. जगदेव म्हणाला, मी जातो, साहेबाले काय, एक कुनबी पाह्यजे. सरकारलाही तेवढंच पाहिजे होतं. नाव एकाचं, माणूस दुसरा, कोणी तोंड वर करून पाहिलं नाही. पुढं कागद आला नाही, आणि का आला नाही हे या नावामुळं विचारायचीही सोय नव्हती. सरकारी वहीत बबनराव लढाईवर गेलेला होता आणि खरा बबनराव मेडशीत तुरीच्या शेंगा तोडत होता. त्यानं कोणत्या तोंडानं कचेरीत जाऊन पुसावं, की मी कुठं आहे, जिता आहे का मेला?

सासू वारली. गोजराबाई डाक बंगल्यात पाणी भरायला जाऊ लागली. विहिरीवरून घागर घ्यायची, मोठ्या खोलीतून जायचं, मागच्या न्हाणीतल्या टाकीत ओतायची. एकदा घागर डोईवर तशीच ठेवून ती चित्रासमोर थांबली. बंगल्याचा चौकीदार मदनसिंग दिव्याच्या काचा पुसत होता.

"हे काय व्हय, मदनसिंग दादा?"

"विलायत व्हय. जर्मनची लढाई इथंच झाली ना."

मदनसिंग आयुष्यात अकोल्यापलीकडे गेला नव्हता. पण सरकारी कोट अंगावर असलेल्या माणसाला माहीत नाही असं म्हणता येत नाही. बाईनं विचारलं, त्यानं सांगितलं आणि काचा पुसू लागला. त्याच्या मागं काय झालं ते त्याला दिसलंच नाही. गोजराबाईची नजर डाव्या भिंतीच्या कडेला गेली आणि डोईवरची घागर हिंदकळून तिचा खांदा भिजला.

तेव्हापासून रोजचं झालं. दिवसाला वीस खेपा, वीस वेळा ती त्या गल्लीतून जायची. कोणत्या घराची खिडकी उघडी आहे, कबुतरं किती, हे सगळं पाठ. तिला त्या शहराचा हेवा वाटायचा. आपण इथं पाणी वाहतो आणि ही गल्ली त्याचे पाय रोज पाहते. कधी राग यायचा. एवढी वर्षं चालतोस, एकदा वळून पाहशील तर तुझं काय जाईल. पण वळून पाहिलं तर तोंड ओळखता येईल का, असा विचार यायचा. मग ती म्हणायची, राहू दे बापा, चाल तू.

*

बारा वर्षं भरली त्या फाल्गुनात बबनरावानं मालेगावहून जोशीबुवा आणले.

जो माणूस परमुलखात गेला आणि बारा वर्षं ज्याची खबर नाही, त्याचा पळसाच्या पानांच्या देठांचा पुतळा करायचा, नारळाचं डोकं बसवायचं, त्याला अग्नी द्यायचा, म्हणजे तो मेला. बायको रांडव झाली, जीव सुटला, घर मोकळं झालं. बबनरावाच्या मोठ्या पोरीचं लग्न वैशाखात ठरत होतं. पोराकडच्यांनी अडून बसायला एवढंच पुरे होतं, की या घरात एक मयत अर्धवट आहे. शिवाय किन्हीराजाचे उकंडराव, बायको मेलेले, गोजराबाईशी पाट लावायला तयार होते. सगळं सगळ्यांच्या सोयीचं होतं. बाईला तेवढं विचारलं नव्हतं.

जोशीबुवा ओसरीवर बसले. बबनराव समोर. गोजराबाई माजघराच्या दाराआड. भासऱ्याशी, म्हणजे थोरल्या दिराशी, धाकटीनं बोलायचं नसतं. बारा वर्षांत तिनं त्याच्याशी एक शब्द काढला नव्हता. लागलंच तर जावेला सांगायची, जाऊ नसली तर भिंतीला.

"बारा वर्षांत काही खबर? पत्र, निरोप, कोणी पाहिलं वगैरे?" जोशीबुवांनी विचारलं.

"काहीच नाही," बबनराव म्हणाला.

"बाई, यायले सांगा," दाराआडून आवाज आला, "खबर हाय म्हना. म्या कालच पाह्यलं त्याले."

जोशीबुवांनी पान खाली ठेवलं. तुळसाबाई, मोठी जाऊ, कपाळाला हात लावून म्हणाली, "ते बंगल्यातलं चित्र हाय ना महाराज, त्याचं सांगून राह्यली. याड हाय तिले."

जोशीबुवा भिऊन चालणारे गृहस्थ होते. पुढं काही उलटं झालं आणि जगदेव दारात उभा राहिला, तर लोक त्यांचीच शेंडी धरणार. ते म्हणाले, "चित्रात का होईना, पण खबर लागली असेल तर बारा वर्षं तिथून धरावी लागतात. ती खबर खोटी आहे असं आधी ठरवा. मग मी बसतो."

गोजराबाईला हे ऐकू आलं आणि तिनं दाराची कडी घट्ट धरली. आणखी बारा वर्षं. तिला वाटलं, उघड्या पडलेल्या अंगावर कोणी तरी लुगडं टाकलं.

बबनराव उठला तो थेट शाळेत गेला.

*

दुसऱ्या दिवशी बंगल्याच्या मोठ्या खोलीत एवढी माणसं शिरली की मदनसिंगला साहेबाची खुर्ची उचलून बाहेर ठेवावी लागली. नानाजी मास्तर भिंगाची काच घेऊन चित्राला नाक लावून उभे. गावात इंग्रजी वाचणारे तेवढे एकच. बबनराव मागं, जोशीबुवा दारात. गोजराबाई न्हाणीच्या उंबऱ्याशी, रिकामी घागर कमरेवर.

"इथं कोपऱ्यात काढणाऱ्याचं नाव आहे," मास्तर म्हणाले. "नीट लागत नाही. पण साल लागतं. अठराशे सत्तेचाळीस."

"म्हंजे?" बबनरावानं विचारलं.

"म्हणजे चित्र काढून ब्याऐंशी वर्षं झाली. तेव्हा जगदेवच्या आज्याचे दात यायचे होते."

कोणी तरी हसलं. मदनसिंगनं खाली मान घातली. मास्तर वाईट माणूस नव्हता. आपण काय मोडलं हे त्याला वळून पाहिल्यावर कळलं. शिकलेल्या माणसाचं असंच असतं. आधी खरं बोलून मोकळा होतो, मग कोणाच्या डोक्यावर पडलं ते बघतो.

गोजराबाई पुढं आली. "मास्तर, काढनाऱ्याचं नाव हाय म्हनता. ह्या चालनाऱ्याचं हाय काय?"

"नाही बाई. त्याचं कोण लिहितं?"

"बरं," ती म्हणाली आणि विहिरीवर गेली.

त्या दिवशी तिनं वीसच्या वीस खेपा केल्या, पण चित्राकडे पाहिलं नाही. नवरा एकदा अकोल्याच्या सडकेनं गेला होता. आता तो दुसऱ्यांदा गेला, आणि या वेळेस पाठही दिसली नाही.

*

पुतळा अंगणात मांडला. शास्त्राला काळवीटाचं कातडं पाहिजे, ते कोण आणणार, म्हणून जोशीबुवांनी काळी घोंगडी अंथरायला लावली. तीनशे साठ देठ मोजून ठेवले. हात इतक्यांचे, छाती इतक्यांची, पाय इतक्यांचे. वर नारळ. देठ लोकरीच्या दोऱ्यानं बांधले, वरून सातूचं पीठ लिंपलं. पिठाचा तो माणूस उताणा पडला आकाशाकडे तोंड करून. गावातले बाप्ये भिंतीला लागून उभे. तुळसाबाईनं बांगड्या फोडायला पाट्याजवळचा दगड आणून ठेवला आणि गोजराबाईला हाताला धरून बाहेर आणलं.

"बस गोजरे. डोये मिटून घे. पटकन होते."

गोजराबाई बसली नाही. तिनं पुतळ्याकडे पाहिलं. मग डोईवरचा पदर मागं सारला आणि बबनरावाकडे तोंड करून म्हणाली, "हा कोन व्हय?"

बबनराव मागं वळून पाहू लागला, ही कोणाशी बोलते. अंगणातल्या माणसांना पुतळ्यापेक्षा हाच मोठा अनर्थ वाटला. धाकटी भासऱ्याशी बोलली, तेही तोंड उघडं टाकून. एक म्हातारा थुंकला.

जोशीबुवा सावरून म्हणाले, "बाई, हा जगदेव समजायचा."

"समजाचा?"

"हो. तसंच आहे ते."

"म्या रंगाचा मानूस जगदेव समजला तं तुमी म्हनलं खोटं हाय. साल वाचून दाखोलं. मंग हा देठाचा मानूस जगदेव कसा होते? याच्यावर कोनतं साल लिवलं हाय, मास्तर?"

मास्तर भिंतीपाशी उभे होते. त्यांनी जोशीबुवांकडे पाहिलं.  उत्तर असलं म्हणजे आपली माणसं ओरडतात, आणि नसलं म्हणजे अधिक ओरडतात. तसं चार जण ओरडले. शास्त्र, रीत, बाईची जीभ, असं जे असतं ते सगळं झालं. गोजराबाई थांबून राहिली. पाऊस थांबायची वाट पाहावी तशी.

"तुमच्या पोथीनं जगदेवले पाह्यलं होतं काय, महाराज? म्या निदान पाठ तं पाह्यली."

"माया भाऊ मेला हाय," बबनराव एकदम म्हणाला. हळूच म्हणाला, पण ओरडणारे त्याच्याकडे वळले.

"कोनी सांगतलं तुमाले?"

"कोनी नाही. मलेच माहीत हाय."  "बारा वर्स झाले, मी शेतात गेलो का माया मांगं कोनीतरी चालते. वळून पाह्यलं तं कोनी नाही. मले सुटू दे, माय. त्याले जाळू दे मले."

भासऱ्यानं धाकटीला माय म्हटलं. बारा वर्षांत तिला एकच पाठ पुढं जाताना दिसत होती, आणि हा बाप्या बारा वर्षं आपल्या पाठीमागची पावलं ऐकत आला होता. घर एकच, चूल एकच, आणि दोघांनी एकमेकांना हे सांगितलं नव्हतं, कारण रीतीत बोलणं बसत नव्हतं. आग लावा असल्या रीतीला. पण लागते माणसांनाच.

गोजराबाईनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुमचा भाऊ तुमच्यासाठी मेला असन तं जाळा. म्या अडवलं नाही. पन माया नवऱ्याले तुमच्या हातानं मारू नका. बांगड्या राहतीन."

"अन घरात सुतक?" तुळसाबाई दगड हातात घेऊनच उभी होती. "एकाच घरात एकाले मेला अन एकीले जिता? मायी पोरगी कोन करन मंग?"

"तुयी पोरगी माया बांगड्यांपायी अडाले नको, बाई. मी निंगते."

ती आत गेली. दोन लुगडी, एक गडवा, तवा. एवढंच बांधलं आणि पुतळ्याला वळसा घालून दारातून बाहेर पडली. तिच्यामागं बबनरावानं पुतळा उचलला. नाल्यावर नेऊन अग्नी दिला. लोक म्हणतात, देठाच्या माणसासाठी बाप्या असा रडताना कोणी पाहिला नव्हता.

*

बंगल्याच्या विहिरीपाशी मोटकऱ्याची एक पडकी खोप होती, तिथं ती राहिली. गाव काय बोललं ते लिहायची गरज नाही. वाचणाऱ्यालाही आपापलं गाव आहे. मदनसिंगची बायको धनीबाई तीन दिवस तिच्याशी बोलली नाही, चौथ्या दिवशी भाकरीवर चटणी घेऊन आली आणि म्हणाली, "आमच्या बाप्याले चहा कोनी बाई देऊन राह्यली काय बंगल्यात, तेवढं पाहत जा." तिथं ते मिटलं.

मदनसिंगच्या मनाला मात्र लागलं होतं. एक दिवस तो स्टूल घेऊन चित्र उतरवायला चढला.

"काहून काढता?" गोजराबाईनं विचारलं.

"म्याच तुले खोटं सांगतलं होतं. विलायत म्हने. कोनतं गाव व्हय मले काय मालूम. नजरेसमोर नसलं तं बरं."

"राहू द्या, दादा. तो तिथं नाही, ते समजलं मले." तिनं घागर खाली ठेवली. "पन मंग मी पाहू कुठं?"

 मदनसिंग खाली उतरला. उतरताना त्यानं काचेवरची धूळ बाहीनं पुसली.

तेव्हापासून ती पुन्हा पाहू लागली. पण आता वेगळं होतं. पूर्वी तो तिथं आहे हे ठाऊक असायचं आणि घागर हलकी वाटायची. आता तो तिथं नव्हता, कुठं होता हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि जगात अशा गल्ल्या किती असतील याचा तिला अंदाज लागेना. प्रत्येक गल्लीत एक पाठमोरा माणूस चाललेला असेल. प्रत्येकाच्या मागं कोणी तरी पाणी भरत असेल. हे एवढं मोठं झालं की चित्रासमोर आल्यावर तिला घागर खाली टेकवावी लागायची.

चैत्रातल्या एका दुपारी बबनराव आला. डोकं, मिशा काढलेल्या, नवे खुंट उगवलेले. पोरीचं लग्न ठरलं होतं. अंगणात जोडे काढून तो पायरीशी उभा राहिला. साहेब नव्हता. मदनसिंगनं विचारलं, काय पाहिजे.

"चित्र पाहाचं होतं."

"पाह्यलं ना त्या दिवशी."

"त्या दिवशी मास्तरकडं पाह्यलं. चित्र नाही पाह्यलं."

मदनसिंगनं दार उघडलं. गोजराबाई न्हाणीतून रिकामी घागर घेऊन येत होती. बबनराव खोलीच्या मधोमध थांबला होता, भिंतीपासून हात दोन हात दूर. त्याची नजर मनोऱ्यावर, खिडक्यांवर, कबुतरांवर फिरत होती. सापडत नव्हतं.

त्यानं मदनसिंगकडे पाहिलं नाही, भिंतीलाही विचारलं नाही. तिलाच विचारलं.

"कोनता?"

गोजराबाईनं हात लुगड्याला पुसला आणि काचेला न लावता बोट धरलं. बबनराव वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"लय लहान दिसून राह्यला."

"लांब गेला हाय ना."

 बाहेर विहिरीवरचे पारवे उडाले आणि पुन्हा बसले.

"मले जायाचं होतं तिथं," बबनराव म्हणाला. "नाव मायं होतं."

तिनं नाही नाही, असं कसं म्हणता, असं म्हणावं म्हणून तो थांबला असेल. माणसं त्यासाठीच असं बोलतात. गोजराबाईला त्याची कीव आली होती, पण कीव आली म्हणून खोटं बोलावं असं तिला वाटलं नाही.

"हो," ती म्हणाली. "तुमाले जायाचं होतं."

तिनं घागर उचलली. टाकी अजून अर्धीच भरली होती. पुढच्या तीन खेपांना बबनराव तिथंच उभा होता, आणि प्रत्येक वेळी ती त्याला वळसा घालून गेली.